पन्हाळा ते पावनखिंड : पावसातल्या चालीविषयीचे गैरसमज

आषाढ लागला की शुक्रवारी रात्री वाशीला शीव-पनवेल महामार्गाच्या कडेला पाठीवर सॅक अडकवलेली मंडळी बसची वाट पाहत उभी दिसतात. कुणी राजमाचीला निघालेलं असतं, कुणी भीमाशंकरला, तर कुणी कोल्हापूरकडे, पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची वाट तुडवायला. सुमारे पन्नास किलोमीटरची ही चाल पावसाळी भटकंतीत मानाची समजली जाते, आणि तिच्याइतके गैरसमज दुसऱ्या कुठल्या वाटेला चिकटलेले नसतील.

पहिला गैरसमज इतिहासातूनच येतो. "महाराज एका रात्रीत गेले, आपल्याकडे तर दोन दिवस आहेत." १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले आणि १३ जुलैला बाजीप्रभू देशपांड्यांनी बांदलांच्या साथीने घोडखिंड अडवून धरली, तीच आजची पावनखिंड. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत दुसरा दिवसही सरत आला होता. शिवाय ती माणसं डोंगरातच वाढलेली होती. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस रात्रभर बसमध्ये अवघडून पन्हाळ्यावर उतरतो आणि आठ-दहा किलोंचं ओझं घेऊन लाल चिखलात पाय टाकतो, तेव्हा दोन दिवसही पुरे पडतीलच असं नाही.

"नवी मुंबईकरांना पावसाचं काय सांगता?" हा दुसरा समज. पावसाची सवय असते हे खरं, पण ती डोक्यावर छप्पर जवळ असलेल्या पावसाची. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्यात हाच आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. घाटमाथ्याला ढग आदळतात आणि पूर्वेकडे सरकताना रिकामे होत जातात. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालणारा माणूस याच्या नेमका उलट, पूर्वेकडून पश्चिमेला जातो. पहिल्या सकाळी मसाई पठारावर रिपरिप असली म्हणून दुसऱ्या दुपारी पांढरेपाण्याजवळ तेवढीच असेल असं धरून चालणं चुकीचं. कोल्हापूर शहराचा अंदाज पाहून निघणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

हवामान खात्याच्या आकड्यांचंही तसंच. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. पण ही दिवसभराची बेरीज झाली. त्यातला निम्मा पाऊस एका तासात कोसळला तर ओढा त्याच तासात फुगतो.

आता रेनकोट. महागडा घेतला की भिजणार नाही, असं दुकानात हमखास वाटतं. आतला घाम वाफेच्या रूपाने बाहेर सोडणारं कापड आतल्या आणि बाहेरच्या दमटपणात फरक असेल तरच नीट काम करतं. जुलैतल्या सह्याद्रीत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे चढावर माणूस आतून घामाने ओलाचिंब होतो. सॅकवरचं कव्हरही पुरत नाही. पाठ आणि सॅक यांच्यामधून, पट्ट्यांवरून झिरपणारं पाणी कव्हरला अडत नाही. जाणती मंडळी सॅकच्या आतच जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालतात आणि सगळं सामान त्या पिशवीत भरतात. चालताना अंग भिजणारच हे गृहीत धरतात आणि रात्रीचा एक कोरडा जोड मात्र जिवापाड जपतात.

खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी असते. करपेवाडी किंवा आंबेवाडीत कुणाच्या पडवीत रात्र काढलेली असते, चुलीजवळ टांगलेले मोजे धुराचा वास घेऊन तसेच ओले राहिलेले असतात. कोरड्या कपड्यांतून निघून त्या गार, ओल्या कपड्यांत शिरणं कुणालाच नको वाटतं. पण कोरडा जोड घालूनच निघालं तर दहा मिनिटांत तोही भिजतो आणि मग गरज पडेल तेव्हा बदलायला काही उरत नाही. म्हणून अनुभवी लोक निमूटपणे ओलेच कपडे चढवतात, बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोपडतात आणि चालायला लागतात. अंग पाच मिनिटांत तापतं.

"बर्फ नाही, मग थंडीने काय होणार?" हा सगळ्यांत घातक गैरसमज, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. शरीराच्या आतलं तापमान पस्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याला हिमालय लागत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हवा वीस अंशांची, अंगाला चिकटलेली सुती जीन्स, मोकळ्या पठारावर भणाणणारा वारा आणि पोटात सकाळचे पोहे. एवढं जमलं की पुरे. चालतोय तोवर शरीर ऊब तयार करत राहतं. थांबलं की गारठा चढतो. आधी कुडकुडणं सुरू होतं, मग बोटांनी सॅकची चेन उघडत नाही, बोलणं जड होतं, पाय अडखळतात. चांगला बोलणारा माणूस अचानक गप्प झाला आणि "मला इथेच बसू द्या" म्हणायला लागला, तर तो दमला आहे असं समजून सोडून देऊ नये. त्याला वाऱ्याच्या आड न्यावं, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम आणि गोड काहीतरी पाजावं. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फैलावतात म्हणून गरम वाटतं, प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर पडते.

याच भागातले धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन पावसात तासन्‌तास गुरांमागे उभे राहतात. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते, सुती कापड ती गमावतं. त्यांची ही निवड पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, आणि शहरातल्या माणसाने ती नीट पाहावी.

त्यानंतर पाणी. "गुडघ्याएवढंच तर आहे" या वाक्याने फार जीव घेतले आहेत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे खोली पाहून ओढा ओळखता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये वाशीहून जवळच असलेल्या खारघरला, पांडवकड्याच्या परिसरात, चार तरुणी वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला. ती माणसं उभी होती तिथलं पाणी बघता बघता वाढलं. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की तत्काळ काठावर यावं.

ओढा ओलांडावाच लागला तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधी सोडावेत, म्हणजे पडल्यावर ओझं फेकून देता येतं. ते घट्ट बांधूनच उतरायचं असं अनेकांना वाटतं, पण तसं केलं तर सॅक माणसाला पाण्याखाली दाबते. सगळ्यांत चांगला उपाय मात्र थांबण्याचा. डोंगरातला छोटा ओढा जसा झपाट्याने चढतो तसाच पाऊस ओसरल्यावर काही तासांत उतरतोही.

"खूप जण बरोबर असले की सुरक्षित," हेही अर्धंच खरं. तीस जणांचा गट एका ओढ्यावर आला आणि प्रत्येकाला दोन मिनिटं लागली, तरी पहिला माणूस पलीकडे तासभर वाऱ्यात भिजत उभा राहतो. गट जितका मोठा तितका गारठा जास्त, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठणं तितकंच अवघड. म्हणून शेवटी चालणारा माणूस जाणता असावा लागतो आणि सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे घ्यावं लागतं. त्याला मागे ठेवलं तर तो दर वेळी धापा टाकत पोचतो, तोवर बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात, आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्यालाच ती मिळत नाही.

मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि गुरांच्या वाटा सगळ्या सारख्याच भासतात. अशा वेळी "रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही" असं पुष्कळ जण मानतात. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, तो उपग्रहांकडून संकेत घेतो. नकाशा आधीच डाउनलोड केलेला असला की काम भागतं. अडचण येते ती ओल्या काचेची. पावसाचे थेंब पडले की टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही, आणि बॅटरी संपली की सगळंच संपलं. छापील नकाशा आणि वाडीतला वाटाड्या यांना म्हणूनच अजून पर्याय नाही.

जळवांची भीती फार आणि धोका फारच थोडा. आंबा-विशाळगडाच्या जंगलात त्या भेटतात. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जळू सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहते. रक्त फार गेलं असं वाटतं, पण जात नाही. मीठ किंवा पेटती काडी लावली तर जळू पोटातलं जखमेतच ओकू शकते. नखाने तिचं तोंड हळूच सरकवावं, जखम धुवावी, दाबून धरावी.

आणि अपघात झालाच तर? रेंज नसली तरी ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागतोच, हा समज अर्धा खरा आहे. आपल्या कंपनीची रेंज नसेल तर तिथे पोचणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून तो लागू शकतो. कुठलंच जाळं नसेल तर लागत नाही. डोंगरातल्या बचावात लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स असे स्वयंसेवक वर्षानुवर्षं झटतात, पण त्यांना पोचायलाही काही तास लागतात. तोवर हाताशी असते ती जवळची वाडी. म्हणून दोघांनी वाडीकडे जावं, एकाने जखमीजवळ थांबावं, आणि जाणाऱ्यांनी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : नेमकं ठिकाण, जखमींची संख्या, कुठे किती लागलं आहे, आणि सोबत कोरडे कपडे व खाणं किती उरलं आहे.