शिवारांत पडलेलें विमान आणि त्याचा माग

“लढाईच्या सालीं आमच्या शिवारांत विमान पडलें होतें,” असें वऱ्हाडांतल्या एखाद्या खेड्यांत कोणी सांगूं लागलें, तर शहरांतला शिकलेला मनुष्य तें बहुधा हंसून सोडून देतो. तसें करूं नये. असा प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें आतां फारशीं उरलेलीं नाहींत. गोष्ट मुलानातवंडांच्या तोंडीं येऊन ठेपलेली असते, आणि तोंडोतोंडीं ती वाढतेहि. पण तिच्यांतली एक बाब सहसा बदलत नाहीं, ती म्हणजे जागा. नाल्याच्या पलीकडचें अमक्याचें वावर, बांधावरची बाभूळ, तेथून वीस पावलें. सांगणारा जागा बोटानें दाखवितो. विमान कोणाचें, कोणत्या सालचें, आंत किती माणसें होतीं, असें मात्र विचारतांच तो गप्प बसतो.

आतां याची दुसरी बाजू पाहावी. दूर लंडनच्या सरकारी दप्तरांत त्याच प्रसंगाचा कागद असला, तर त्यांत दिवस असतो, वेळ असते, माणसांचीं नांवें व हुद्दे असतात; परंतु जागेविषयीं एखादी मोघम ओळ असते, अमुक शहरापासून इतके मैल, एवढीच. गांवाला ‘कोठें’ तें ठाऊक आहे, कागदाला ‘केव्हां’ व ‘कोण’ तें ठाऊक आहे, आणि दोघांची कधीं भेट झालेली नाहीं. ही भेट घडवून आणणें म्हणजेच अशा अपघाताचा शोध. या खटाटोपाला अर्थ काय, असें कोणी विचारील. अर्थ इतकाच कीं ज्या घरीं ‘बेपत्ता’ एवढा एकच शब्द असलेली तार गेली, त्या घरच्या लोकांना तो शब्द जन्मभर पुरत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेश १९४२ सालीं जपानच्या हातीं गेला, आणि हिंदुस्थान हा पूर्वेकडील लढाईचा तळ बनला. ठिकठिकाणीं धांवपट्ट्या झाल्या. अकोल्याजवळ शिवणी येथील धांवपट्टी १९४३ सालचीच. मुंबईकडून नागपूर व कलकत्त्याकडे निघालेल्या विमानाच्या वाटेखालीं वऱ्हाड येतो. लढाईंतलें प्रत्येक विमान शत्रूच्याच गोळ्यानें पडतें असा एक समज आहे, तो खरा नव्हे. यंत्र बिघडतें, इंधन सरतें, शिकाऊ वैमानिक वाट चुकतो. पावसाळ्यांत ढगांतून खालीं उतरूं पाहणाऱ्याला मेळघाटचे डोंगर दिसत नाहींत, आणि तेथील वैराटची उंची तर सुमारें ११७८ मीटर आहे. जपानी विमानांनीं १९४२ च्या एप्रिलांत विशाखापट्टणम् व काकिनाडा येथें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कलकत्त्यावर बाँब टाकले. वऱ्हाडपर्यंत तीं आलीं नाहींत. म्हणून “जपानी विमान पाडलें” असें गोष्टींत आलें, तर तेवढा भाग बाजूस ठेवून पुढें चालावें. सबंध गोष्टच खोटी ठरविण्याची घाई मात्र नको.

पहिलें काम दिवस ठरविण्याचें. खेड्यांत इंग्रजी तारीख कोणी ध्यानांत ठेवीत नाहीं. “पोळ्याच्या आदल्या दिवशीं”, “आखाजीला”, “कपाशीची पहिली वेचणी चालली होती”, अशी भाषा असते. शहरी माणसाला ती अडचण वाटते. वास्तविक ती मोठी सोय आहे. पोळा श्रावणी अमावास्येला, आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेला. युद्धकाळांतलीं जुनीं पंचांगें घेऊन बसलें तर चार-पांच वर्षांच्या चार-पांच तारखा निघतात, आणि हजार दिवसांऐवजीं तेवढेच तपासावे लागतात. ज्याला “१९४३ असेल बहुतेक” असें सांगणारा साक्षीदार मिळाला, त्याच्यापेक्षां पोळा सांगणारा साक्षीदार मिळालेला शोधक अधिक भाग्यवान् समजावा.

वेळेचाहि एक घोटाळा आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानांतलें घड्याळ एक तास पुढें केलेलें होतें. सूर्यावर चालणाऱ्या शेतकऱ्याची पहाट आणि स्टेशनच्या घड्याळाची पहाट यांत त्यामुळें तासाचें अंतर पडलें. शिवाय वैमानिकांच्या नोंदी पुष्कळदां ग्रीनिचच्या वेळेनें केलेल्या असतात, व ती वेळ त्या काळच्या आपल्या वेळेच्या साडेसहा तास मागें होती. पहाटे चार वाजतां शेतांत कोसळलेलें विमान अशा वहींत आदल्या रात्रीं साडेनऊला, म्हणजे आदल्या तारखेला पडलेलें दिसेल. दोन कागदांत एका दिवसाचा फरक दिसला कीं दोन निरनिराळे अपघात झाले असें मानून वाद घालणारे लोक असतात. त्यांनीं आधीं घड्याळ पाहावें.

मग येतात गांवांचीं नांवें. येथें मात्र पुष्कळ धीर लागतो. इंग्रजी कागदांत अमरावती हें ‘अम्राओटी’ होतें, अचलपूर ‘एलिचपूर’, वाशीम ‘बासिम’ आणि यवतमाळ ‘येओटमाल’. पिंपळगांव, बोरगांव, शिवणी हीं नांवें तर एकेका जिल्ह्यांत अनेकदां आढळतात. सर्वांत फसवें नांव खुद्द अकोल्याचें. जुन्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील अकोलें तालुक्याचें नांवहि इंग्रजींत ‘अकोला’ असेंच लिहीत. “अकोल्याजवळ डोंगरास विमान आपटलें” अशी ओळ मिळाली, तर ती सह्याद्रीच्या पायथ्याची कीं वऱ्हाडची, हें प्रांताचें नांव पाहिल्यावांचून ठरवूं नये. वऱ्हाड त्या वेळीं ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ यांत मोडे आणि अहमदनगर मुंबई इलाख्यांत. अमरावतीचीहि गत तीच. कृष्णेच्या कांठीं एक अमरावती आहेच.

इतकें झाल्यावर कागदांकडे वळावें. ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक पथकाला आपल्या कामाची एक वही ठेवावी लागे. तिच्या ५४० क्रमांकाच्या नमुन्यांत दैनंदिन हकीकत आणि ५४१ क्रमांकाच्या नमुन्यांत एकेका उड्डाणाचा तपशील, म्हणजे विमान, चालक, सुटण्याची व परतण्याची वेळ, लिहिलेली असे. परतण्याच्या रकान्यांत वेळ नसली कीं समजावें. या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. अपघाताचें कार्ड निराळें असे, व त्यांत कारणाचीहि थोडक्यांत नोंद केलेली असे. अमेरिकनांनीं १९४३ पासून न परतलेल्या प्रत्येक विमानाचा एक स्वतंत्र अहवाल ठेवण्याची पद्धत पाडली. त्यांत शेवटचें ठिकाण, हवामान, माणसांच्या नातेवाइकांचीं नांवें इतकेंच नव्हे, तर इंजिनांचे आणि बसविलेल्या बंदुकांचे क्रमांकहि लिहीत. हा तपशील वाचतांना कंटाळवाणा वाटतो. परंतु साठ वर्षांनीं जंगलांत नुसतें इंजिन सांपडतें, तेव्हां त्याचें महत्त्व कळतें. वृत्तपत्रांकडून मात्र फार आशा धरूं नये. अकोल्याच्या ‘मातृभूमि’सारख्या पत्रांच्या फाइली चाळाव्या, पण युद्धकाळांत छपाईवर सरकारी नियंत्रण होतें, आणि सैनिकी विमान कोठें व कां पडलें हें छापण्यास मोकळीक नव्हती.

धातूचा तुकडा हाहि कागदच होय, तो वाचतां आला पाहिजे. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा असल्यामुळें लोखंडासारखा गंजून संपत नाहीं. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसांत फुगते. भेगेंत गेलेला तुकडा खोल जातो, आणि एखाद्या वर्षीं नांगराला लागून वर येतो. त्यावर आंकडे असले कीं सांपडलेला मनुष्य तोच विमानाचा क्रमांक समजतो. बहुधा तो सुट्या भागाचा क्रमांक असतो. तरीहि तो फुकट जात नाहीं. लिबरेटर नांवाच्या चार इंजिनी बाँबफेकी विमानाच्या भागांवरील क्रमांक पुष्कळदां ३२ या आंकड्यानें सुरू होतात, कारण त्या बनावटीचा कारखान्यांतील अनुक्रम ३२ होता. म्हणजे जात कळली. व्यक्ति अजून कळावयाची. अमेरिकन विमानाच्या खऱ्या क्रमांकांत आरंभीं सालाचे दोन आंकडे असतात, व शेपटीवर रंगवितांना त्यांतला पहिला आंकडा गाळीत. ब्रिटिशांनीं तर आपल्या क्रमांकांत मुद्दाम मधले मधले गट सोडून दिले होते, एकंदर विमानें किती हें शत्रूला मोजतां येऊं नये म्हणून. येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. जुनीं काडतुसें अजूनहि फुटूं शकतात, आणि अवशेषांत माणसांचीं हाडें असूं शकतात. तुकडा उचलून घरीं नेण्यापेक्षां जागा तशीच ठेवून छायाचित्र घ्यावें आणि पोलिसांना कळवावें.

मृतांचें काय झालें, याचें उत्तर पुष्कळदां पुण्याजवळ मिळतें. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांतील ज्या थडग्यांची कायमची निगा राखली जाईल अशी खात्री नव्हती, तीं हलवून खडकीच्या युद्ध-स्मशानभूमींत आणलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धांतलीं अशीं सोळाशेंहून अधिक थडगीं तेथें आहेत. म्हणून एखाद्या खेड्यांत “येथें गोरे पुरले होते” असें सांगतात व उकरतां कांहीं मिळत नाहीं, तेव्हां सांगणारा खोटें बोलत असतो असें नाहीं. खडकीच्या दगडांवर एकाच दिवसाचीं व एकाच पथकाचीं चार-सहा नांवें जवळजवळ दिसलीं, तर तो एका विमानाचा संच असावा असा तर्क करून मागें जातां येतें. ज्यांचा देहच मिळाला नाहीं त्या वैमानिकांचीं नांवें सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेलीं आहेत.

हें सर्व जुळून आलें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण अरुणाचल प्रदेशांतलें आहे. २५ जानेवारी १९४४ रोजीं चीनमधील कुनमिंगहून आसामांतील चाबुआकडे निघालेलें ४२-७३३०८ क्रमांकाचें अमेरिकन लिबरेटर आठ माणसांसह नाहींसें झालें. २००६ सालीं क्लेटन कूल्स नांवाच्या अमेरिकन गिर्यारोहकाला स्थानिक लोकांच्या मदतीनें दमरोहजवळच्या डोंगरांत त्याचे अवशेष सांपडले. गांवकऱ्यांना जागा ठाऊक होती, कागदांत क्रमांक होता. पुढें अवशेष अमेरिकेस गेले, ओळख पटली, आणि रॉबर्ट ऑक्सफर्ड या लेफ्टनंटाचें दफन २०१७ सालीं जॉर्जियांतील त्याच्या गांवीं झालें. त्र्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं.

परंतु प्रत्येक वेळीं असें घडत नाहीं, आणि आपल्या मराठी माणसाचेंच उदाहरण डोळ्यांपुढें आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे १९७१ च्या युद्धांत ५ डिसेंबर रोजीं सुखोई जातीचें लढाऊ विमान घेऊन पाकिस्तानांतील शोरकोटच्या विमानतळावर हल्ल्यास गेले, ते परतले नाहींत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. लग्नाला दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्या दिवसांत पाकिस्तानच्या एका इंग्रजी वृत्तपत्रांत पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘टॉम्बे’ असें एक नांव छापून आलें. अम्राओटी म्हणजे अमरावती हें जसें उघड आहे, तसेंच टॉम्बे म्हणजे तांबे, असें कुटुंबीयांनीं धरलें, व तें धरण्यासारखें होतेंच. लढाईच्या दिवसांतलें वृत्तपत्र हा साक्षीदारहि असतो आणि पक्षकारहि. त्याच्या एका ओळीवरून मनुष्य जिवंत होता असें न्यायाधीश म्हणणार नाहीं, पण ती ओळ विसरा असें पत्नीला कोण सांगणार? दमयंतीबाईंनीं पुढचीं पन्नासांवर वर्षें त्या एका अक्षराचा पाठपुरावा केला. पाकिस्ताननें असे कैदी आपल्याकडे असल्याचें नाकारलें. १९८३ सालीं आणि पुन्हां २००७ सालीं बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानांतील तुरुंगांत जाऊन कैदी पाहून आले. निर्णायक असें कांहीं हातीं लागलें नाहीं. सरकारी यादींतील ५४ बेपत्तांत तांबे यांचें नांव होतें तेथेंच राहिलें.