गंध आणि मुखदर्शन : रुग्णपरीक्षणातील एक दुर्लक्षित दुवा

काही वर्षांपूर्वी सायंकाळच्या वेळी चाळिशीतील एका शेतमजुरास त्याची पत्नी व भाऊ आमच्या चिकित्सालयात घेऊन आले. मान झुकलेली, डोळे अर्धवट मिटलेले, बोलणे तुटक. जवळ जाताच श्वासाला गोडसर, आंबूस वास आला आणि आमच्या मनाने निकाल देऊन टाकला. तो चेहरा आम्हांस मद्यप्याचा दिसू लागला. नेत्रांची लाली, ओठांची शिथिलता, सारी लक्षणे त्याच निकालाला साक्ष देऊ लागली. "रात्रभर झोपू द्या, सकाळी आणा," असे आम्ही सांगणार, तोच ती माउली म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ते माळकरी हायेत. थेंबाला शिवत न्हाईत."

गळ्यातील तुळशीची माळ आम्हांस तेव्हा दिसली. पुन्हा पाहिले तर जिव्हा व ओष्ठ शुष्क होते, नेत्र खोल गेले होते, श्वास खोल आणि जलद चालला होता. ग्लुकोमीटरने आकडा न दाखविता केवळ 'हाय' असे दर्शविले. मूत्रपरीक्षणाच्या पट्टीवर कीटोनचा गडद जांभळा रंग उतरला. मधुमेहजन्य कीटोॲसिडोसिसची ती अवस्था होती. रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले व सुदैवाने तो वाचला. श्वासाचा तो वास ॲसिटोनचा होता.

या प्रसंगात आमच्या घ्राणेंद्रियाने गंध बरोबर टिपला होता. त्याला नाव देताना मन चुकले आणि त्या चुकीच्या नावाने डोळ्यांसमोरचा चेहराच बदलून टाकला. दर्शन परीक्षा ही घ्राणापासून स्वतंत्र आहे असे आपण गृहीत धरतो. ते कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रसनेंद्रिय वगळता सर्व इंद्रियांनी रुग्णाची प्रत्यक्ष परीक्षा करावी असे सांगून शरीरगंध घ्राणाने पाहण्याचा स्पष्ट निर्देश केला आहे. इंद्रियस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात तर शरीरगंधातील बदलांचा अरिष्ट म्हणून विस्ताराने विचार येतो. आज किती वैद्य केसपेपरवर रुग्णाचा गंध नोंदवितात? आम्हीही वरील प्रसंगापर्यंत नोंदवीत नव्हतो, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

गंधाचा मुखदर्शनावर होणारा परिणाम आता प्रयोगांतूनही तपासला गेला आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वेन ली, जे गॉटफ्रीड आदी संशोधकांनी केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३१ व्यक्तींना निरनिराळ्या बाटल्या हुंगावयास देऊन नंतर भावशून्य चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली व तो चेहरा कितपत आवडला हे विचारले. सिट्रल, ॲनिसोल व व्हॅलेरिक आम्ल असे तीन गंध योजले होते. सिट्रल म्हणजे आपल्या गवती चहाच्या तेलातील प्रमुख घटक, लिंबासारख्या वासाचा. व्हॅलेरिक आम्लाला घामट वास येतो. त्याचे नाव व्हॅलेरियन वनस्पतीवरून पडले असून आपले तगर तिच्याच नात्यातील आहे. तगराचे जुने पोते उघडताना येणारा वास औषधी विक्रेत्यांना वेगळा सांगावयास नको.

काही बाटल्यांतील गंध इतका सूक्ष्म होता की बहुतेकांना त्याची जाणीवही झाली नाही. आणि नेमक्या त्याच स्थितीत चेहऱ्याविषयीचे मत गंधाच्या बाजूने झुकले, अप्रिय गंधानंतर चेहरा कमी आवडला. ज्यांना गंधाची जाणीव झाली, त्यांच्या मतावर मात्र हा परिणाम आढळला नाही. वैद्यास अंतर्मुख करणारी गोष्ट ही आहे. लक्षात आलेल्या गंधाचा हिशेब मन करते, लक्षात न आलेला गंध चेहऱ्याच्याच खात्यावर जमा होतो.

अर्थात जाणवणारा गंध निरुपद्रवी असतो असेही नाही. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी स्त्रियांना पुरुषांचे चेहरे दाखविले, तेव्हा रबर किंवा शरीरदुर्गंध यांच्या सान्निध्यात ते चेहरे कमी आकर्षक ठरले. सुगंध आणि शुद्ध हवा यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्राने २०१४ मध्ये गुलाबतेल व मत्स्यतेल यांची निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणे वापरली असता, गंध जितका प्रिय तितका चेहरा अधिक आकर्षक वाटला. दोन्ही निष्कर्ष पूर्णतः जुळत नाहीत. शिवाय हे प्रयोग थोड्या व्यक्तींवर आणि छायाचित्रांवर झालेले आहेत, चिकित्सालयातील रुग्णांवर नव्हेत. "आमच्या ग्रंथांत हे पूर्वीच होते" असे म्हणण्याचा मोहही टाळावा. ग्रंथांत गंधपरीक्षा आहे, सुगंधी द्रव्ये व माल्यधारणाने येणारे सौमनस्य आहे, पण गंधाने दर्शन कसे बदलते याचा असा प्रयोग तेथे नाही.

यामागील कारण मेंदूच्या रचनेत शोधले जाते. दृष्टी, श्रवण व स्पर्श यांच्या संवेदना थॅलॅमसमार्गे मस्तिष्काच्या बाह्यकाकडे जातात. गंधसंवेदना त्या थांब्याशिवाय ॲमिग्डाला आदी भावनांशी निगडित केंद्रांत पोहोचते. समोरचा चेहरा विश्वासार्ह की भयावह, हा पहिला निवाडा करण्यातही ॲमिग्डालाचा वाटा असतो.

आमच्या मते याचा सर्वांत मोठा फटका दुष्टव्रण, मूत्रावरोध वा अतिसाराने पीडित रुग्णांना, तसेच गोठ्यातून किंवा मासळीबाजारातून थेट येणाऱ्या श्रमिकांना बसतो. अशा रुग्णाच्या मुखावरील वेदना आपणांस कमी दिसते काय, आणि त्याला आपण दोन मिनिटे कमी देतो काय, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे. आम्ही आता रुग्ण दारातून येताना, म्हणजे गंध पोहोचण्यापूर्वीच, मुख व गती पाहून घेतो. जवळ आल्यावर गंध शब्दांत नोंदवितो. 'श्वासगंध गोडसर, आंबूस' असे लिहितो, 'मद्यगंध' असे लिहीत नाही. कारण पहिले वर्णन आहे, दुसरे निदान. त्यानंतर पुन्हा एकदा चेहऱ्याकडे पाहतो.

रुग्णही आपल्याकडे पाहत असतो, हे औषधालयाच्या मालकांनी ध्यानी घ्यावे. खवट झालेल्या तेलाचा डबा, ओलसर गोण्या, उघडे हिंग व गंधक यांच्या वासाची आपल्या नाकाला सवय झालेली असते, पण नव्या ग्राहकाला नसते. काउंटरवरील माणसाचा चेहरा तो त्या वासातूनच पाहतो. वर उदबत्ती लावल्याने खवटपणा जात नाही. ऑक्सफर्डचा निष्कर्ष पाहता शुद्ध हवा पुरेशी आहे. तेलाचे डबे महिन्यातून एकदा उघडून हुंगावेत, आणि हे काम दिवसभर दुकानात बसणाऱ्याने न करता बाहेरून आलेल्या कोणाकडून करवून घ्यावे.