फेरेट चालवायची तर

जुनी चिलखती गाडी विकत घेऊन पुन्हा चालती करायची, हा छंद ब्रिटनमध्ये चांगलाच रुजला आहे आणि त्यातल्या नवख्यांची नजर बहुधा फेरेटवर जाते. कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ या काळात ही चारचाकी टेहळणी गाडी चार हजारांहून जास्त संख्येने बनवली. भारतीय सैन्यानेही ती वापरली. वजन जेमतेम चार टन, लांबी चार मीटरच्या आत. म्हणजे घराशेजारच्या गॅरेजात मावते. पण छोटी आहे म्हणून ती सोपी आहे असं समजू नये.

गंजाची भीती लोकांना उगाच जास्त असते. चिलखताचा पत्रा जाडजूड. पावसात वर्षानुवर्षं उभा राहिला तरी तो वरवरच गंजतो. सडतात त्या बाहेर लावलेल्या पातळ पत्र्याच्या सामानपेट्या आणि सायलेन्सर. ते नवे बनवून घेता येतात. जुना रंग घासताना मात्र त्यात शिसं असू शकतं आणि ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस, हे ध्यानात ठेवून मास्क लावावा.

खरा धोका चाकात आहे. फेरेटची रिम दोन तुकड्यांची असते. नटांची एक रांग चाक हबला धरून ठेवते, दुसरी रांग रिमचे दोन भाग एकमेकांना. हवा भरलेली असताना ही दुसरी रांग सोडली, तर रिम स्फोटासारखी फुटून समोरच्याचा जीव घेऊ शकते. म्हणून असे नट लाल रंगवायची पद्धत आहे. तरी रंगावर विसंबू नका. टायर काढायचा असेल तर आधी व्हॉल्व्हचा गाभा काढून सगळी हवा सोडा, मगच पाना हातात घ्या.

इंजिन रोल्स-रॉइसचं, सहा सिलिंडरचं, सव्वाचार लिटरचं पेट्रोल इंजिन. टाकी साफ करून, रबरी नळ्या बदलून, ठिणगी नीट पडते का ते पाहिलं की ते सहसा फार त्रास देत नाही. लिटरला तीन-सव्वातीन किलोमीटर चालतं, हा त्रास वेगळा.

आता मुख्य गोष्ट. फेरेटला क्लच नाही. त्याच्या जागी तेलाने भरलेलं फ्लायव्हील आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरवला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याचं काम तेल करतं. इंजिन हळू फिरत असेल तर तेलाला जोर नसतो, म्हणून गिअरमध्ये असतानाही गाडी ब्रेकवर थांबवता येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती सरकते. तशी बराच वेळ उभी ठेवली तर तेल तापतं, तेव्हा सिग्नलला न्यूट्रल केलेलं बरं.

गिअर दोन टप्प्यांत पडतो. दांड्याने हवा तो गिअर निवडायचा. तेव्हा काहीच घडत नाही. मग डावा पेडल पूर्ण दाबून सोडला की तो गिअर लागतो. पेडलमागे एक जबर स्प्रिंग असते. तिच्या जोरावर गिअरबॉक्समधला पट्टा फिरता ड्रम आवळून धरतो. पेडल अर्धवट दाबला किंवा पट्टा झिजलेला असला, तर पेडल नडगीवर लाथ मारल्यासारखा उसळतो आणि नेहमीच्या जागेपेक्षा वर येऊन बसतो. मग पाठ सीटला टेकवून पूर्ण ताकदीने खाली ढकलावा लागतो. पाय अर्ध्यावर थांबवायचा नाही, एवढं शिकलं की गाडी अर्धी आलीच.

मागे जायचा दांडा वेगळा आहे, त्यामुळे पाचही गिअर उलट दिशेनेही चालतात. शत्रू दिसल्याबरोबर वळायला न थांबता पळून येणं हे टेहळणीचं कामच. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय त्या दांड्याला हात लावू नये.

तरी मालकांचं दिवाळं निघतं ते चाकांना जोर पोचवणाऱ्या शाफ्टमुळे. गाडीत डिफरन्शियल एकच, आणि तो डावी-उजवी बाजू वेगळी करतो. एकाच बाजूचं पुढचं आणि मागचं चाक मात्र एकमेकांना पक्कं जखडलेलं असतं. वळताना पुढच्या चाकाचा मार्ग मागच्यापेक्षा लांब. चिखलात, मातीत चाक थोडं घसरतं आणि फरक मिटतो. डांबरावर ते घसरत नाही. फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठत जातो आणि शेवटी सांधा किंवा बेव्हल गिअर तुटतो. चारही टायर सारख्या मापाचे, सारखे झिजलेले नसतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं. एकच टायर नवा टाकणं ही इथे काटकसर नव्हे, उधळपट्टी.

उपाय साधा आहे. डांबरावर थोडं अंतर गेल्यावर कडेच्या मातीवरून गाडी न्यावी. चाक घसरून पीळ सुटतो. पीळ असलेलं चाक जॅकवर उचललं तर ते एकदम गर्रकन फिरतं, तेव्हा बोटं लांब ठेवावीत.

विकत घेताना रंग आणि बुरूज पाहत बसू नका. चारही हबचं तेल काढून चुंबक फिरवा. बारीक चूर आला तर झीज समजावी. गिअरच्या दातांचे तुकडे आले, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.