मातीत मुरलेला मल्ल आणि गादी

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पहिल्या दिवशी देवाचे मांडवडहाळे, घाटात बैलगाड्या, रात्री तमाशा. आणि दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात कुस्त्यांचा हगामा. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारीही असाच आखाडा भरतो. रेवड्यांवर लागणाऱ्या पोराटोरांच्या जोडींपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सगळे मातीत चालते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

पण अलीकडे या हगाम्यांच्या कडेला एक वाद हमखास ऐकू येतो. एखादा गडी आठदहा वर्षे तालमीत घाम गाळतो, दहा गावांची इनामे घेतो आणि मग निवड चाचणीला गादीवर उतरला की कालच्या शाळकरी पोराकडून दोन मिनिटांत हरून परत येतो. वस्ताद म्हणतात, ‘ही कुस्तीच नव्हे!’ बापाला वाटते, एवढे दूध, तूप, बदाम मातीत गेले. खरोखरच गेले काय? एका लढतीत मुरलेला माणूस तिच्या सख्ख्या बहिणीसारख्या दुसऱ्या लढतीत गेला, तर त्याच्याबरोबर काय जाते आणि काय मागे राहते, एवढाच प्रश्न येथे सोडवून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आधी दोन्हींतला फरक पाहू. मातीवरची कुस्ती निकाली असते. पाठ मातीला लागेपर्यंत निकाल नाही. मग अर्धा तास लागो की तास. कुस्ती चालतच राहिली तर पंच फार तर बरोबरीत सोडवतात. पाय अनवाणी, बोटे मातीत रुतलेली. घामाने अंग निसटू लागले की मूठभर माती घेऊन समोरच्याच्या मानेवर चोळायची. लांग धरून उचलायलाही मुभा. गादीवर यातले काही नाही. तेथे पायांत बूट, पोशाखाला हात लावायची बंदी, आणि तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. मुक्त शैलीत खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण. पाठ गादीकडे वळवली, मग ती टेको न टेको, तरी दोन गुण. उंच फेकीला चार, क्वचित पाच. नुसता पाय रिंगणाबाहेर पडला तरी समोरच्याला एक. दहा गुणांचे अंतर पडले की कुस्ती तेथेच संपली.

आता मातीतला मुरलेला मल्ल खाली गेला म्हणजे काय करतो, ते आठवा. तो पोटावर पडतो, हातपाय फाकतो, अंग जड करतो आणि निवांत दम घेतो. वरचा गडी ओढून ओढून थकतो. मातीच्या हिशेबाने हे शहाणपण आहे, आणि ते यायला वर्षे लागतात. गादीवर नेमके हेच शहाणपण घात करते. वरचा पोरगा कमरेला विळखा घालतो किंवा दोन्ही घोट्यांना तिढा देतो आणि याला लोळवत नेतो. खाली घेतल्याचे दोन, चार लोळवण्यांचे आठ, झाले दहा! आपला गडी अजून दमही घेऊन संपलेला नसतो. खडाखडीचेही तसेच. मातीत पहिली काही मिनिटे समोरच्याचा अंदाज घेण्यात घालवणे हा अनुभवी माणसाचा हक्क. गादीवर पंच त्याला ‘लढत नाही’ म्हणून ताकीद देतो आणि त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात गुण मिळाला नाही तर दंड म्हणून समोरच्याला गुण बहाल करतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे की मुरलेला मल्ल हरतो तो त्याला काही येत नाही म्हणून नव्हे. सुरक्षित कोठे आणि धोका कोठे, हे त्याच्या अंगात फार पक्के बसलेले असते, म्हणून तो हरतो. नवख्याला विसरायचे काही नसते.

याचा जुना दाखला गामा पहिलवानांचा आहे. १९१० साली लंडनला गादीवर त्यांची आणि पोलंडच्या झ्बिस्कोची गाठ पडली. झ्बिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून पालथा पडून राहिला. अडीच तासांवर वेळ गेला तरी गामांना तो उलथवता आला नाही. १९२८ साली पतियाळाला हीच जोड पुन्हा लागली, पण मातीत. तेव्हा गामांना मिनिटभरही लागले नाही. दोघेही तेच, दोघेही वयाने उतरणीला लागलेले. बदलली होती जमीन आणि रीत.

पण या दाखल्यावर थांबलो तर वस्तादांचेच खरे ठरेल. म्हणून कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे वळू. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीची आणि तिच्या नियमांची त्यांना सवय नव्हती. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना शिकवले. तरीही पहिल्या लढतीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला काही मिनिटांत गारद केले आणि सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा हुकमी डाव होता ढाक. मानेला विळखा घालून समोरच्याला आपल्या अंगावरून फेकण्याचा हा डाव मातीतलाच. गादीवर तो तसाच चालला. मौज अशी की तेथे त्यांना हरवून सुवर्णपदक घेणारे जपानचे शोहाची इशी हेही मूळचे कुस्तीगीर नव्हते. ते ज्यूदो खेळणारे. युद्धानंतर अमेरिकनांनी जपानात ज्यूदोवर बंदी घातली, म्हणून ते कुस्तीकडे आले. म्हणजे त्या दिवशी गादीवर भिडलेले दोघेही दुसऱ्या घरून आलेले होते.

१९६२ च्या जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांतली गोष्ट तर अधिक बोलकी आहे. गणपत आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडलेले, मारुती माने सांगलीकडच्या कवठे पिरानचे. माने यांनी मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण व मुक्त शैलीत रौप्य. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा उपयोग करायचा नाही. पट, टांग, एकलंगी असे सगळे पायांचे डाव एका फटक्यात बाद! उरली ती मान, मनगट, बगल आणि छाती यांची झुंज. पण खडाखडीत मल्ल वर्षानुवर्षे घासतो ते हेच तर.

बरोबर जाते ते हे. डावांची यादी जात नाही, जाते ती स्पर्शाची जाण. मनगट हाती येताच समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, त्याने श्वास कधी सोडला, तो पुढे रेटतो आहे की रेटण्याचे सोंग करतो आहे, हे जुन्या मल्लाला डोळ्यांनी पाहावे लागत नाही. आजची मुले पडद्यावर ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेकन’ असले झुंजीचे खेळ खेळतात. त्यांना विचारले तर तीही हेच सांगतील. एका खेळातली बोटांची करामत दुसऱ्यात निरुपयोगी ठरते, पण समोरच्याने किती अंतर ठेवले आहे आणि तो कधी उतावळा होणार, हे ओळखणे कायम राहते. (पोरांच्या त्या नादाची आम्ही तरफदारी करत नाही, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.)

महाराष्ट्र केसरीच्या रचनेतच ही परीक्षा दरवेळी होते, कारण माती आणि गादी या दोन विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला गादी विभागातून आलेल्या शिवराज राक्षे यांनी माती विभागाच्या महेंद्र गायकवाडांना चीत केले. राक्षे हे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला मातीतून आलेल्या सिकंदर शेख यांनी त्याच राक्षेंना हरवले. कोणत्याही बाजूने पैज लावावी असा हा हिशेब नाही.

मग आपल्या तालुक्यांतल्या वस्तादांनी करावे काय? हौद बुजवून गादी आणावी, असे आम्ही म्हणणार नाही. आणि गादीला शिवायचेच नाही, हा हट्टही पोराचे नुकसान करणारा आहे. हौदाशेजारी गादी असावी, आणि मातीत तयार झालेला गडी तिच्यावर आला की पहिले पंधरा दिवस त्याला एकही नवा डाव शिकवू नये. त्याला फक्त खाली पाडावे आणि पालथा पडू न देता उठवावे. पुन्हा पाडावे, पुन्हा उठवावे. घड्याळ समोर ठेवून, पंच शिट्टी वाजवील त्याच्या आत हात घालायला लावावे. कड कोठे आहे हे पायांना कळेपर्यंत रिंगणाच्या रेषेवर त्याला रेटत राहावे. ढाक तर त्याला येतच असते.