कोयता आणि ठिसूळ हाडं
कष्टाच्या शरीराला कसला हाडांचा आजार, हा समज जालन्यातल्या अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना महागात पडू शकतो. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीला १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. सोबत अंडाशयंही गेली, तर इस्ट्रोजेन एकदम आटतं आणि हाडं झपाट्यानं झिजतात. कष्टानं ती तूट भरत नाही. एकट्या कॅल्शियमनंही नाही. हाडांची झीज रोखणाऱ्या औषधानं जबड्याला किंवा मांडीच्या हाडाला इजा होते ही भीती खोटी नाही, पण तसं क्वचितच घडतं. उलट, वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या झोलेड्रोनिक ॲसिडनं २००७च्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत खुब्याचे फ्रॅक्चर ४१ टक्क्यांनी घटवले. फडावरच्या बाईला दर आठवड्याला उपाशीपोटी घ्यायच्या गोळीपेक्षा हेच झेपेल. मात्र आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायला हवं.