जाजमऊच्या मातीत मुरलेले क्रोमियम

कानपूरच्या पूर्वेला, गंगेकाठी, जाजमऊ हा कातडी कमावणाऱ्यांचा जुना परिसर आहे. क्रोमियम सल्फेटच्या द्रावणात मुरवलेले कातडे कुजत नाही, म्हणून इथल्या शेकडो टॅनऱ्या (कातडी कमावण्याचे कारखाने) हे द्रावण वापरतात. पण वापरलेल्या क्रोमियमपैकी साधारण ६० ते ७० टक्केच कातड्यात उतरते. उरलेले सांडपाण्यात जाते.

पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये इथल्या टॅनऱ्यांना बजावले : किमान प्राथमिक शुद्धीकरण करा, नाहीतर कारखाना बंद ठेवा. पुढे गंगा कृती योजनेत नेदरलँड्सच्या मदतीने रोज ३.६ कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले. टॅनऱ्यांचे ९० लाख लिटर आणि शहराचे २.७ कोटी लिटर मैलापाणी एकत्र शुद्ध करायचे, अशी त्याची रचना. मूळ चूक इथेच झाली. जिवाणूंच्या साहाय्याने चालणारी ही प्रक्रिया मैल्यातला सेंद्रिय भाग खाऊन टाकते, धातू नष्ट करू शकत नाही. क्रोमियमचा काही भाग गाळात बसतो, काही पाण्याबरोबर पुढे जातो. आणि ते पाणी पाटाने भोवतालच्या गावांतल्या शेतांना दिले गेले. एरवी पिकाला खत ठरले असते ते मैलापाणी क्रोमियममुळे बाटले.

या मातीत दोन संकटे एकत्र आली आहेत. मैलापाण्यातून आलेले ई. कोलायसारखे आतड्यातले जिवाणू ऊन आणि कोरडेपणाने काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत कमी होतात. क्रोमियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहते. त्याचे त्रिसंयुजी रूप तुलनेने निरुपद्रवी आहे, षट्संयुजी रूप कर्करोगकारक. मातीतली मँगनीजची ऑक्साइडे पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करू शकतात. शिवाय धातू सोसण्याची आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके अनेकदा जिवाणूच्या एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या लहानशा वेगळ्या वलयावर, असतात. त्यामुळे औषधाचा थेंबही न पडलेल्या शेतात धातूच औषधांना न जुमानणारे जिवाणू पोसू शकतो. काही जिवाणू उलट षट्संयुजी क्रोमियमला सौम्य रूपात आणतात आणि सफाईच्या प्रयोगांत त्यांचा उपयोग होतो. तरीही धातू मातीतच राहतो.

म्हणून क्रोमियम शेतापर्यंत पोहोचूच न देणे हा खरा उपाय आहे. टॅनरीतच क्रोमियम वेगळे काढून पुन्हा वापरता येते. नमामि गंगे या केंद्र सरकारच्या गंगा-स्वच्छता योजनेखाली फक्त टॅनऱ्यांसाठी रोज २ कोटी लिटर क्षमतेचे वेगळे केंद्र हाती घेतले गेले. मार्ग योग्य आहे, पण आधीच मुरलेल्या विषाचा हिशेब त्याने होत नाही.

तो हिशेब मांडायला आपल्याकडे साधा कागदही नाही. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. क्रोमियम, शिसे, कॅडमियम त्यात नाहीत, रोगजंतूही नाहीत. औद्योगिक शहरांचे सांडपाणी पिणाऱ्या प्रत्येक शेतासाठी या तपासण्या सरकारने सक्तीच्या आणि मोफत कराव्यात, आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करावा. त्या शेतात पिकलेले अन्न शहरातलीच माणसे खातात.