टेंभूचं पाणी आणि सुप्रमाचा कागद

कराडच्या खालच्या अंगाला कृष्णेकाठी टेंभू नावाचं गाव आहे. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म इथला, १८५६ सालचा. पण विट्याला किंवा आटपाडीला आज टेंभू म्हटलं की आगरकर कुणाला आठवत नाहीत. तिथं एकच विचारणा असते: "टेंभू सुटलं का?"

सुटतं ते कृष्णेचं पाणी. सातारा जिल्ह्यात नदीवर बंधारा घालून अडवायचं, विजेच्या पंपांनी लोखंडी नळांतून डोंगराच्या अंगावर चढवायचं, कालव्यानं पुढं न्यायचं आणि पुन्हा उचलायचं, असे पाच टप्पे आहेत. एकूण चढ तीनशे मीटरच्या आसपास. मूळ आराखड्यात २२ टीएमसी पाणी आणि ८० हजार हेक्टर लाभक्षेत्र. कराड, कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि पलीकडं सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला. पाऊस दगा देतो म्हणून ज्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्या गलाईवाल्यांच्या मुलखात नदी चढवून न्यायची ही योजना.

ती जन्मली घाईत. बच्छावत लवादानं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर जे अडवलं नाही त्यावरचा हक्क जाईल, ही धास्ती खरीच होती. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. बाजारात रोखे काढून पैसा उभा राहिला, हमी सरकारची. टेंभूलाही त्याच वर्षी मान्यता मिळाली, किंमत १,४१६ कोटी रुपये. पण खोऱ्यात एकाच वेळी इतक्या ठिकाणी नारळ फुटले की पैसा कुठंच पुरेना. अर्धवट कालवे आणि वाट बघत बसलेले पंप, असा तो काळ गेला.

अर्धवट कामाचं एक बरं असतं, त्याला सुप्रमा मिळते. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. जलसंपदा खात्यात वावरलेल्या माणसाला ही तीन अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. काम लांबलं की दरसूची बदलते, जमिनीचा मोबदला चढतो, संकल्पचित्र बदलतं, मूळ अंदाजपत्रकात धरायचं राहून गेलेलं काहीबाही सापडतं आणि नवी किंमत मंजुरीला जाते. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि प्रत्येक कारणाच्या आडोशाला दुसरं काही लपूही शकतं. वाढ महागाईची किती आणि मुद्दाम फुगवलेली किती, हे बेरजेच्या आकड्यावरून कुणालाही सांगता येत नाही. गडबडीला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. शेजारच्या ताकारी-म्हैसाळचं उदाहरण घ्या. १९८४ साली ८२ कोटी ४३ लाखांची असलेली ती योजना पुढं पाच हजार कोटींच्या घरात गेली. टेंभूही चार हजार कोटी ओलांडून गेली, आणि २०२४ मध्ये वाढीव आठ टीएमसीसह तिची किंमत सात हजार कोटींच्या वर पोहोचली. त्यात नव्या गावांचा वाटा आहे हे मान्य, पण तो नेमका किती, हे त्या गावांतच कुणाला ठाऊक नाही.

२०१२ साली राज्यभर या प्रकाराचा गवगवा झाला. दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी खर्चून सिंचनक्षेत्र ०.१ टक्क्यानं वाढल्याचं आर्थिक पाहणीतून पुढं आलं. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सरकारला पत्र लिहून फुगवलेल्या किमती आणि फसलेल्या उपसा योजना यांवर बोट ठेवलं. सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, वाढ पाच टक्क्यांहून जास्त असल्याचं तिनं सांगितलं आणि डिसेंबरात पवार परत आले. चौकशीसाठी नेमलेल्या माधवराव चितळे समितीचा अहवाल २०१४ मध्ये आला. एवढ्या कागदांतून सांगलीच्या शेतकऱ्याच्या हाती काय पडलं, म्हणाल तर काही नाही.

पण इथं गोष्टीला एक वळण आहे. पांढऱ्यांनी उपसा योजनांचं जे वर्णन केलं, त्याला टेंभूनं पुढं खोटं पाडलं. पाणी आलं. आटपाडीच्या डाळिंबाला आलं, माणगंगेच्या कोरड्या पात्रात आलं. त्यात अधिकाऱ्यांचं श्रेय आहे, पाठपुरावा करणाऱ्या आमदारांचं आहे आणि चळवळीचं त्याहून मोठं आहे. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या आणि तेरा दुष्काळी तालुके एकत्र बांधले. समन्यायी वाटपाचा आग्रह तिथूनच आला. उघड्या कालव्याऐवजी बंद नळानं शेतापर्यंत पाणी देण्याचा आटपाडीचा प्रयोग त्याच आग्रहाचं फळ.

अडचण अशी, की पाणी आल्यावर हिशेब मागणाराच वेडा ठरतो. "पाणी मिळालं ना? मग उकरून काय काढता?" हा प्रश्न मला पारावरही ऐकू येतो आणि कार्यालयातही. मला तो पटत नाही. कारण शेतकऱ्याचा हिशेब मात्र कुणी सोडत नाही. वीजबिलाचा १९ टक्के भार त्याच्यावर, ८१ टक्के सरकारवर, असं सूत्र आहे. त्याची पाणीपट्टी कारखाना उसाच्या बिलातून परस्पर कापून घेतो. थकबाकी वाढली की वीज तुटते आणि उभं पीक वाळतं. रुपयाला रुपया लावून घेतला जातो तो खालच्या टोकाला. वरच्या टोकाला हजार कोटी वाढले तर एक शासन निर्णय निघतो आणि वर्तमानपत्रात अभिनंदनाची जाहिरात येते. किंमत वाढल्याबद्दल अभिनंदन करणारा आमच्यासारखा मुलूख विरळाच!

याच खानापूर तालुक्यात, येरळेकाठी, बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा ठरवला. टेंभूच्या पसाऱ्याशी त्या बंधाऱ्याची तुलना होणार नाही, तंत्र वेगळं आणि आकार वेगळा. पण वाळूच्या गाड्या किती भरल्या, हे तिथं गावाच्या डोळ्यांदेखत होतं.

टेंभूचा हिशेब असा डोळ्यांदेखत ठेवणं तेवढंही अवघड नाही. प्रत्येक सुप्रमासोबत किंमतवाढीचा कारणवार तक्ता असतो: दरवाढीमुळे इतके कोटी, भूसंपादनामुळे इतके, संकल्पचित्रातल्या बदलामुळे इतके. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार असे कागद कुणी मागण्याची वाट न पाहता लोकांपुढं ठेवणं हे कार्यालयाचं काम आहे. लाभक्षेत्रातल्या ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत एक ठराव करावा: पाणीपट्टीची मागणी येईल तेव्हा सोबत हा तक्ताही यावा, मराठीत, आणि तो सभेत वाचून दाखवायला शाखा अभियंत्यानं यावं.